चहाला कोण गेलंय?

मशीन बंद पडलं की जगातले सगळे सर्व्हिसवाले एकच प्रश्न विचारतात, "बंद करून परत चालू केलंत का?" आमचे सोनटक्के सर तो प्रश्न विचारत नाहीत. ते विचारतात, "तुमच्याकडं चहाला कोण गेलंय?"

पलीकडचा माणूस आधी गारच पडतो. मग चिडतो. "अहो सर, इथं लाइन बंद आहे, माल भरायला गाडी येऊन उभी आहे, साहेब डोक्यावर बसलेत, आणि तुम्ही चहाचं काय काढलंय?"

"चहाचंच विचारायलो मी. कोण गेलंय बघा आणि बोलवा त्याला."

मग तिकडे शोधाशोध होते. क्वालिटी डिपार्टमेंटचा कुणीतरी टपरीवरून धावत येतो, हातात अर्धी खारी. तो मशीनच्या स्क्रीनवर स्वतःच उघडून ठेवलेली एक खिडकी बंद करतो आणि मशीन चालू होतं. पलीकडचा माणूस आश्चर्यानं विचारायला जातो की सर, तुम्ही भोसरीत बसून कसं काय ओळखलंत? तोवर सरांनी फोन ठेवलेला असतो.

मी या कंपनीत सर्व्हिसचे फोन घेते. म्हणजे लोकांच्या शिव्या आधी मी खाते आणि मग ज्याच्या त्याला वाटते. पहिल्यांदा हा चहाचा प्रकार ऐकला तेव्हा मला वाटलं, हा माणूस एकतर अंतर्ज्ञानी आहे, नाहीतर याचा एक स्क्रू ढिला आहे. आता इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं आहे की दोन्ही खरं आहे.

आमची कंपनी गळती तपासायची मशीनं बनवते. ॲल्युमिनियमचा पार्ट मशीनवर ठेवायचा, आत हवा भरायची, हवा गळली तर पार्ट नापास, टिकली तर पास. हा निकाल मशीनच्या पोटातल्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये नोंदला जातो. डेटाबेस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एसीच्या खोलीत घरघरणारं कपाट येतं. आमचा तसला नाही. आमचा म्हणजे एक फाईल, बस. त्याला वेगळा सर्व्हर नको, सांभाळायला माणूस नको, पासवर्ड नको. मशीनबरोबर उठतो, मशीनबरोबर झोपतो.

फक्त या फाईलचा एक स्वभाव आहे. तिच्यात एका वेळी एकालाच लिहिता येतं. वाचणारे हवे तेवढे वाचोत. आता होतं काय, क्वालिटीतला एखादा हुशार गडी ती फाईल दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडतो, एखादा आकडा दुरुस्त करायला घेतो आणि काम अर्धवट सोडून चहाला जातो. मग फाईल त्याची वाट बघते, मशीन फाईलची वाट बघतं आणि चाकणची अख्खी लाइन मशीनची वाट बघते. हे एकदा कळलं की चहाचा प्रश्न वेडेपणाचा वाटत नाही.

वेडेपणा पुढे आहे. सोनटक्के सरांनी हा नियम फाईलपुरता ठेवला नाही. "लिहिणारा एक, वाचणारे कितीही," हे त्यांचं ब्रीद, आणि ते सगळ्या जगाला लावून बघायचं ही त्यांची खोड.

आमच्या मीटिंगच्या खोलीत पांढरा फळा आहे. त्याला एकच मार्कर आहे आणि तो सुतळीनं फळ्याला बांधलेला आहे. बाकीचे मार्कर सरांनी कुठे दडवले ते आजतागायत कळलेलं नाही. ज्याच्या हातात मार्कर त्यानं बोलायचं. मध्येच दुसरा बोलायला लागला की सर हात वर करून ओरडतात, "लॉक!" मालक असो नाहीतर गेटवरचा वॉचमन, सगळ्यांना लॉक. एकदा ग्राहक कंपनीचे दोन मोठे साहेब आपसातच वाद घालायला लागले, तर त्यांनाही लॉक. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. आश्चर्य म्हणजे ते साहेब खरंच गप्प झाले, आणि ती मीटिंग जेवायच्या आधी संपली.

पुनावळ्याला ते राहतात, तिथल्या सोसायटीनं त्यांना एकदा सेक्रेटरी केलं. यांनी पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिण्याचा हक्क फक्त स्वतःकडे ठेवला. बाकीच्यांनी वाचायचं. आठवडाभर सोसायटीत इतकी शांतता होती, की लोकांना करमेना. पुढच्याच सभेत त्यांना काढलं.

आणि कँटीन! एका दसऱ्याला आम्ही सगळ्यांनी मिळून मसालेभात केला होता. तिघीचौघींनी आपापल्या अंदाजानं मीठ घातलं. भात तोंडात धरवेना. सर आले, एक घास घेतला, शांतपणे पाणी प्यायले आणि म्हणाले, "मीठ टाकणारा एक पाहिजे. चाखणारे कितीही चालतेत." खरं सांगते, त्या दिवसापासून माझ्या घरी हाच नियम आहे. सासूबाई चाखतात.

लग्न त्यांनी केलं नाही. म्हणजे जमलं नाही. उदगीरकडचा माणूस, डिप्लोमा करून इकडे नोकरीला आला आणि इथलाच झाला. ऐन उमेदीत एकदा मुलगी बघायला गेले होते म्हणे. कांदेपोहे झाले, आणि वडीलधाऱ्यांनी "काही विचारायचं असेल तर विचारा" म्हटल्यावर यांनी मुलीला विचारलं, "तुमच्या घरी शेवटचा निर्णय लिहिणारा एकच आहे का?" मुलीनं वडिलांकडे बघितलं, वडिलांनी आईकडे, आईनं मामाकडे. सर पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाले, "लई लिहिणारे हायत," आणि उठले. ही गोष्ट त्यांनी स्वतःच मला सांगितली, हसत हसत. तेव्हा मीही हसले होते.

फोनवर येणारे प्रश्न तर विचारू नका. एकानं विचारलं, पाच मशीनांनी नेटवर्कवरच्या एकाच फोल्डरमधल्या एकाच फाईलमध्ये लिहिलं तर चालेल का? सर म्हणाले, "एका चुलीवर पाच जावा स्वयंपाक करायलेत, असं घर बघितलंय का तुम्ही? बघा एकदा. मग फोन करा." दुसऱ्यानं तक्रार केली, की तुमच्या डेटाबेसमध्ये वजनाच्या रकान्यात आमच्या ऑपरेटरनं 'बरोबर आहे' असं टाइप केलं आणि त्यानं ते मुकाट घेतलंसुद्धा! मोठा डेटाबेस असता तर आकडा नाही म्हणून हाकललं असतं. सर म्हणाले, "छोटा आहे, पण मन मोठं आहे त्याचं. काय दिलं ते ठेवून घेतो. तुमच्या ऑपरेटरला आकडा द्यायला शिकवा."

आणि तिसरा एक धडा ते मशीन बसवलं त्या पहिल्याच दिवशी प्रत्येक ग्राहकाला देतात. "प्रोग्रॅम नवा आला तरी घाबरायचं नाही. नवं जुन्याला ओळखतं. जुन्यानं नव्याला ओळखावं, ही अपेक्षा मात्र करू नका." म्हणजे जुनी फाईल नव्या प्रोग्रॅममध्ये उघडते, नव्यात केलेली फाईल जुन्यात उघडेलच असं नाही. मला हा धडा इतका पाठ आहे की एकदा घरी भांडणात मी सासूबाईंना ऐकवला. त्यांना तो आवडला नाही.

तर असा हा माणूस. ऑफिसात पोरं त्यांच्या बोलण्याची नक्कल करतात. "काय करायलाव सर? जेवायलाव का?" वगैरे. सर हसतात, पण मी बघितलंय, अशा दिवशी ते पुढे कमी बोलतात, आणि बोलले तर अगदी पुस्तकी बोलतात.

आता मूळ गोष्टीकडे येते.

मागच्या वर्षी आमच्या मालकांचे चिरंजीव कारभार बघायला लागले. रोहितसर. पोरगा वाईट नाही, पण त्याला सगळं नवं पाहिजे आणि कालच पाहिजे. त्यानं फर्मान काढलं, की जुना प्रोग्रॅम महिनाअखेर बंद. सगळ्या ग्राहकांची मशीनं नव्या प्रोग्रॅमवर न्यायची. जे येणार नाहीत त्यांचा सपोर्ट बंद. एक एक करत सगळी मशीनं नव्यावर गेली. एकच उरलं. महाळुंग्याच्या यासीनभाईंचं.

यासीनभाई मुलाणी. चाकणच्या पुढे महाळुंग्याला त्यांचं छोटं वर्कशॉप, पुढे शेड आणि मागे घर. पंप हाउसिंग बनवतात, आणि सगळा माल एकाच मोठ्या कंपनीला जातो. प्रत्येक पेटीबरोबर आमच्या मशीनचा गळतीचा रिपोर्ट लागतो, त्याशिवाय पेटी गेटच्या आत घेत नाहीत. त्या कंपनीनं त्यांना कळवलं होतं, की सपोर्ट बंद झालेल्या मशीनचा रिपोर्ट पुढच्या महिन्यापासून चालणार नाही. म्हणजे मशीन नव्या प्रोग्रॅमवर गेलं नाही, तर यासीनभाईंचं काम बंद. इतकं सरळ होतं ते.

आणि आमचे सोनटक्के सर अडून बसले.

"ती फाईल नव्यात उघडायची नाही. धोका आहे," ते रोहितसरांना म्हणाले.

"काका, बाकी सगळ्यांच्या उघडल्या की."

"त्यांची फाईल वेगळी आहे. जुनी आहे. दर गुरुवारी मी स्वतः जाऊन तपासायलो ना! मी रिटायर होईपर्यंत जुनं मी एकटा सांभाळतो. तुम्ही चिंता करू नका."

"काका, मी तर म्हणतो फाईलबिईल सोडाच, सगळं क्लाउडवर टाकू. इंटरनेटवर."

"चाकणला रोज कुठंतरी जेसीबी केबल तोडायलाय. मग हवा भरलेला पार्ट काय इंटरनेट यायची वाट बघत बसणार?"

रोहितसरांनी माझ्याकडे बघितलं. मी फळ्याकडे बघितलं. मार्कर सरांच्या हातात होता, त्यामुळे कुणालाच काही बोलता येईना.

मीटिंग संपल्यावर रोहितसरांनी मला बोलावलं. "शुभांगीताई, तुम्ही काकांबरोबर जा आणि हा विषय संपवून या. नाहीतर मला यासीनभाईंचं कॉन्ट्रॅक्ट बंद करावं लागेल, आणि मला ते करायचं नाहीये."

मलाही ते होऊ द्यायचं नव्हतं. यासीनभाई हा फोनवर कधीही आवाज न चढवणारा माझा एकमेव ग्राहक. असा माणूस हातचा घालवायचा? मी ठरवलंच, की काय वाट्टेल ते होवो, त्या मशीनवर नवा प्रोग्रॅम बसवल्याशिवाय मी घरी यायची नाही. सरांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "मग गुरुवारी चला."

आता गुरुवारी आमच्याकडे इंडस्ट्रीला सुट्टी. आमचीही सुट्टी आणि यासीनभाईंचीही. मी म्हटलं, "सुट्टीच्या दिवशी कशाला?"

"गुरुवारी मशीन बंद असतंय. फाईलमधे लिहायला कोणी नसतं. निवांत असते ती."

म्हणजे हा माणूस दर आठवड्याला आपली एकुलती एक सुट्टी पुनावळ्याहून महाळुंग्याला जाऊन एका बंद मशीनपुढे घालवत होता! आणि त्याचा भत्ताही कधी मागितला नव्हता. काय म्हणावं या कर्माला? माझा गुरुवार म्हणजे केस धुवायचा, भाजी निवडायची आणि दुपारी पंखा लावून पडायचं. पण शब्द दिला होता. सरांच्या जुन्या स्कूटरवर मागे बसले आणि निघालो.

गुरुवार असूनही चाकणच्या तळेगाव चौकात नेहमीचा चक्काजाम. सिग्नल बंद, पोलीस गायब, चारी बाजूंनी कंटेनर आणि टेम्पो एकदमच घुसलेले. सरांनी हेल्मेटची काच वर केली, स्कूटरवरच उभे राहिले आणि ओरडायला लागले, "एकानं! एका वेळी एकानं! लॉक!" एका टेम्पोवाल्यानं मान बाहेर काढून मला विचारलं, "वहिनी, भाऊंना बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे हो, मशीनमध्ये असतात." त्याचं समाधान झालं.

महाळुंग्याला पोचलो. शेडचं शटर अर्धं उघडं होतं. शेडच्या कडेनं घराकडे जायची वाट, आणि दारात बाजेवर एक म्हातारी लसूण सोलत बसलेली. यासीनभाईंच्या आई. स्कूटरचा आवाज ऐकल्याबरोबर तिनं मान वर केली.

"आलास का रं बा? उशीर कामून झाला?"

"चाकणात अडकलो अम्मी. लई गर्दी व्हायलीय."

मी सरांकडे बघतच राहिले. ऑफिसात जे बोलणं ते जिभेवरच अडवून धरतात, ते इथे मोकळं सुटलं होतं. अम्मी मूळच्या उदगीरजवळच्याच. नवऱ्याबरोबर तरुणपणी इकडे आल्या, पण बोलणं तिकडेच राहिलं.

अम्मींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ही कोन? बायको केलीस का काय? न सांगताच?"

"नाही हो अम्मी," मी घाईघाईनं म्हटलं, "मी ऑफिसातली. मला नवरा आहे घरी."

"असू दे, असू दे. जेवून जा."

यासीनभाई आले, सलाम झाला, आणि आम्ही शेडमध्ये गेलो. मशीन कोपऱ्यात चकाचक. मी बॅगेतून नव्या प्रोग्रॅमचा पेन ड्राइव्ह काढून सरांच्या हातात दिला. त्यांनी तो खिशात ठेवला आणि मऊ फडक्यानं मशीनचा स्क्रीन पुसायला घेतला. स्क्रीन पुसून झाला. मग पंख्यावरची धूळ. मग प्लग काढून परत घातला. मग हवेच्या नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतायत का ते बघितलं. नव्हते येत. मग म्हणाले, "जरा पाणी मिळेल का?"

"सर," मी म्हटलं, "पेन ड्राइव्ह."

"घाई करू नका. आधी फाईलची कॉपी काढू. जुन्या फाईलचं सांगता येत नाही. उघडताना फाटली म्हणजे?"

"काढा कॉपी."

काढली. मग ती लॅपटॉपवर घेतली. लॅपटॉपवर नवा प्रोग्रॅम होताच. सरांचं बोट बटणावर जाऊन थांबलं. माझा संयम संपला. पुढे वाकून बटण मीच दाबलं.

फाईल उघडली. डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडली. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी ओळीनं स्क्रीनवर, एकही इकडची तिकडे नाही.

"अहो, उघडली की!" मी इतक्या जोरात ओरडले, की बाहेर लसूण सोलायचा आवाज थांबला. "सर, उघडली! धोका धोका म्हणून किती घोर लावलात हो जिवाला!"

खाली मान घालून सरांनी मशीनला पेन ड्राइव्ह लावला आणि नवा प्रोग्रॅम चढवायला घेतला. आता हात भराभर चालत होते. इतक्या वेळचं ते पुसणं, झटकणं काही नाही. यासीनभाईंनी एक पार्ट मशीनवर ठेवला. हवा भरली, हिरवा दिवा लागला, रिपोर्टचा कागद बाहेर आला. यासीनभाईंचं काम वाचलं. झालं, संपलं. खरं तर आता मी खूष व्हायला हवं होतं.

पण माझ्या डोक्यात तो धडा वाजायला लागला होता. नवं जुन्याला ओळखतं. या माणसानं प्रत्येक ग्राहकाला सांगितलेला धडा. मग हा स्वतः कसा विसरेल?

"सर," मी हळू विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

त्यांनी चष्मा काढला, त्याच फडक्यानं पुसला आणि माझ्याऐवजी यासीनभाईंकडे वळले. "यासीनभाई, मी खोटं बोललो तुमच्याशी. तुमच्या फाईलला काही झालेलं नव्हतं. पहिल्यापासूनच उघडत होती ती. मला दर गुरुवारी यायचं काही कारण नव्हतं. मीच... मीच धोका आहे, धोका आहे करत आलो." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "घरी गुरुवार लई मोठा असतोय हो."

खोटं कशाला सांगू? पुनावळ्याच्या त्या फ्लॅटमध्ये लिहिणारा एक आणि वाचणारा कुणीच नाही, हे मला आजवर एकदाही सुचलं नव्हतं.

यासीनभाई मात्र हसत होते. "मला माहीत होतं, सर."

"काय माहीत होतं?"

"मशीन बसवलं त्या दिवशी तुम्हीच तर सांगितलंत. नवं जुन्याला ओळखतं, घाबरायचं नाही. मी विसरलो नव्हतो."

"मग बोलला का नाहीत? तुमचं काम बंद पडायची वेळ आली होती!"

"तुम्ही असताना माझं काम बंद पडेल होय? महिना संपायच्या आत तुम्ही करणार, हे मला ठाऊक होतं. आणि बोलू कसा?" यासीनभाईंनी हात जोडल्यासारखं केलं. "लिहिणारा एक ना, सर? लिहीत तुम्ही होतात. मी नुसता वाचत होतो."

एवढ्यात अम्मी भिंतीला धरत धरत शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय गलका लावलाय? भाकरी गार व्हायलीय."

यासीनभाई मोठ्यानं म्हणाले, अम्मींना जरा कमी ऐकू येतं म्हणून, "अम्मी, मशीन नीट झालं. आता बिघडायचं नाही. सरांना आता दर गुरुवारी यायचं काम नाही."

अम्मींनी एकदा मशीनकडे बघितलं, एकदा सरांकडे.

"मिशन?" त्या म्हणाल्या. "कसली मिशन? मिशन बघायला येत हुता व्हय ह्यो? मला वाटलं, मला भेटायला यायलाय."

सर त्या मशीनच्या हिरव्या दिव्याकडे बघत उभे.

"आन् मिशन नीट झाली तर झाली," अम्मी पुढे म्हणाल्या. "माजे गुडघे कुठं नीट झालेत? बेस्तरवारी ये गपचिप. तुज्याबिगर येसरची आमटी कोन खातंय हितं? ह्या पोरान्ला तिखट लागतंय."

मग आम्ही सगळेच एकदम बोलायला लागलो. यासीनभाई म्हणाले, सर, तुम्ही आला नाहीत तर अम्मी मला भोसरीला घेऊन येईल. मी म्हटलं, सर, रोहितसरांना काय सांगायचं ते मी बघते, आणि त्यांचा काय संबंध तुमच्या सुट्टीशी! अम्मी म्हणाल्या, भाकरी, भाकरी गार व्हायलीय. तिघं तीन दिशांनी बोलत होतो, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. सर सगळ्यांकडे बघत उभे होते. त्यांनी हात वर केला नाही. लॉक म्हणाले नाहीत.

जेवलो. आमटी जहाल तिखट होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, सरांच्याही आलं. सरांना तिखटाची सवय आहे, पण मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

रोहितसरांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, विषय संपला, फाईल उघडली. ते म्हणाले, "बघा, काका उगाच घाबरत होते." मी म्हटलं, "हो ना."

त्यानंतरच्या गुरुवारी मी केस धुऊन नुकतीच पंख्याखाली पडले होते, तर माझा मोबाइल वाजला. चाकणची एक कंपनी, तिथे गुरुवारीही काम चालतं. माणूस रडकुंडीला आला होता. मशीन बंद, गाडी उभी, आणि सोनटक्के सर फोन उचलत नाहीत.

"तुमच्याकडं चहाला कोण गेलंय?" मी विचारलं.

मग तिकडे धावपळ, हाका, खुर्ची सरकल्याचा आवाज. थोड्या वेळानं तो परत फोनवर आला. मशीन चालू झालं होतं. त्यानं माझे आभार मानले आणि म्हणाला, "पण मॅडम, सर कुठायत? कधी नव्हे ते फोन उचलत नाहीत. सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे," मी म्हटलं. "तेसुद्धा चहालाच गेलेत. त्यांना बोलवायचं नाही."